पळीसभा

घरातली सगळ्यात लांब दांड्याची पळी आत्याने खुंटीवरून काढली आणि जाहीर केलं, "आजपासून ही स्वयंपाकाची नाही."

"मग कशाची?" आईने विचारलं. तिच्या हातात गरम पातेलं होतं, त्यामुळे प्रश्नाला जरा धार होती.

"ऐकण्याची!"

आत्या लाइफ कोच होती. लोक तिच्याकडे खांदे पाडून यायचे आणि तासाभराने मान ताठ करून जायचे. तिचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावायचं: ऐका, उठा, उमला. ऐका, म्हणजे समोरच्याच्या बोलण्यात तोंड घालू नका. उठा, म्हणजे कितीही जोरात आपटलात तरी पुन्हा उभे राहा. आणि उमला, कारण तुम्हाला वाटतो त्याच्या दहापट माणूस तुमच्या आत दडलेला असतो. ("तरीच मला जेवण पुरत नाही," असं दादा म्हणाला होता.) बाहेर हे तत्त्वज्ञान जोरात चालत होतं. घरात मात्र सगळे एकदमच बोलायचे आणि सगळ्यात जास्त आत्या बोलायची. ही शेवटची गोष्ट आत्या सोडून सगळ्यांच्या लक्षात आली होती.

म्हणून पळीसभा. दर शनिवारी चार वाजता, जेवणाच्या टेबलापाशी. पळी ज्याच्या हातात, तोच बोलणार. त्याचं झालं की शेजारच्याने ऐकलेलं परत सांगायचं, मगच पळी त्याला मिळणार. आणि तक्रार असो, परवानगी असो, जे काही महत्त्वाचं असेल ते सभेतच मांडायचं. येता-जाता कोणाच्या कानावर काही घालायचं नाही.

या नियमाने सगळ्यात जास्त हाल कोणाचे झाले असतील, तर भोंग्याचे. भोंगा म्हणजे घरातली धाकटी लेक, वय वर्षं पंधरा. सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं, म्हणून दादाने ठेवलेलं हे नाव. या शनिवारी भोंग्याच्या स्कर्टच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. शाळेने तिला वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं होतं. दुसऱ्या गावी, तीन दिवस! कागदावर पालकांची सही हवी होती, तो आजच द्यायचा होता आणि शाळेच्या ऑफिसची खिडकी पाचला बंद होणार होती. तिथल्या कारकूनबाई अशा की घड्याळात पाच वाजले की समोर कोणाची बोटं आहेत की नाक, हे न बघता खिडकी लावायच्या. शाळा चालत दहा मिनिटं, पळत सात.

वेळ भरपूर होता. अडचण वेगळीच होती. मागच्या वर्षी याच स्पर्धेत भोंगा स्टेजवर उभी राहिली, "आदरणीय परीक्षक" म्हणाली आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पाटी कोरी! घरी येऊन ती आठ दिवस रडली होती. तेव्हा आईने हात जोडून सांगितलं होतं, "या घरात स्पर्धेचं नाव पुन्हा काढायचं नाही."

सभा सुरू झाली. दादाने बाथरूममध्ये कोण किती वेळ लावतं याची तक्रार मांडली, आकडेवारीसकट. भोंग्याने ती परत सांगितली आणि पळी तिच्या हातात आली. चार वाजून बारा मिनिटं.

आता बोल, तिने स्वतःला बजावलं. आणि ती बोलली. विज्ञानाच्या बाईंची चप्पल जिन्यात तुटली ते बोलली. प्रयोगशाळेत मांजर शिरलं ते बोलली. वर्गातला पंखा फक्त गणिताच्या तासालाच का बंद पडतो, यावर तर तिने सविस्तर मत दिलं. खिशातला हात कागद चुरगाळत होता, तोंड सुसाट सुटलं होतं आणि कागदाचं मात्र अवाक्षर नाही. नऊ मिनिटांनी ती थांबली, कारण श्वास संपला.

"तू असं म्हणालीस," आई कपाळ दाबत म्हणाली, "की चप्पल, मांजर, पंखा."

आईला पळी मिळाली. "नळाचं काम करणाऱ्या माणसाच्या घरात सहा महिने नळ गळतोय. संपलं माझं."

"वहिनी म्हणते, नळ गळतोय," आत्याने घाईघाईने सांगितलं, पळी घेतली आणि पंचवीस मिनिटं 'कमी बोलण्याचे फायदे' या विषयावर बोलली. भोंगा घड्याळाकडे बघत होती. चार सत्तेचाळीस!

"ताई म्हणते, ऐका," बाबांनी परत सांगितलं.

"एवढंच ऐकलंस?"

"पळी," दादाने आठवण करून दिली, कारण ती आता बाबांकडे गेली होती.

बाबा प्लंबर होते. भिंतीआडची गळती शोधायला ते एक लोखंडी सळी वापरायचे. सळीचं एक टोक फरशीला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. दहा फरश्या फोडायच्या जागी बाबा एकच फोडायचे आणि नेमकी तीच ओली निघायची. बोलायचे मात्र थेंब-थेंब. आता त्यांनी सवयीने पळीचा वाडगा टेबलाला लावला, दांड्याचं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आत्याने तोंड उघडलं, दादाने पळीकडे बोट दाखवलं, आत्याने तोंड मिटलं. तिसरं मिनिट. फ्रिजची घरघर. स्वयंपाकघरातून ठप्... ठप्... आईने बाबांकडे असं पाहिलं की डोळे मिटलेले असूनही ते ओशाळले. आणि मग, टेबलाखाली, बारीकसं चुर्रर्र.

"कागद आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "चार वाजल्यापासून वाजतोय. पोरगी बोलत होती तेव्हा जास्त वाजत होता. म्हणजे गळती तिथे आहे."

त्यांनी रांग मोडून पळी भोंग्यापुढे धरली. "बोल. थोडंच बोल."

भोंग्याने पळी घेतली आणि कागद टेबलावर ठेवला. "मला स्पर्धेला जायचंय. परत."

बस्स. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण!

परत सांगायची पाळी आईची होती. "तू असं म्हणालीस..." आईने कागदाच्या घड्या सरळ केल्या. "की तुला परत जायचंय. आणि परत सगळं विसरलीस तर गं?"

"तर आठ दिवस रडेन. नवव्या दिवशी उठेन."

"उठा!" आत्या आनंदाने ओरडली.

"पळी!" सगळे तिच्यावर ओरडले.

आईने कागद ओढला. "पेन कुठाय?" पेन आत्याकडे होतं. ती 'गळती तिथे आहे' हे वाक्य वहीत लिहून घेत होती, पुढच्या कार्यशाळेसाठी. आईने तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि सही ठोकली. चार त्रेपन्न! भोंगा जी सुटली, ती चपला उलट्या घालून.

शाळेच्या ऑफिससमोर ती पोचली तेव्हा खिडकी बंद होत होती. बोटभर फट उरली होती. हाक मारायला छातीत हवाच नव्हती. तिने हात पुढे केला आणि खण्णकन आवाज आला. हातात पळी होती! घाईत ती तशीच आली होती, आणि आता तिचा लांब दांडा फटीत अडकला होता.

कारकूनबाईंनी खिडकी ओढली. हलेना. मग ती पुन्हा उघडून, डोकं बाहेर काढून त्यांनी आधी पळीकडे पाहिलं, मग मुलीकडे. "हे काय आहे?"

"हे हातात असलं," भोंगा धापा टाकत म्हणाली, "की समोरच्याने ऐकायचं असतं."

बाईंनी कागद घेतला. शिक्का मारला.

भोंगा रमतगमत, पळी खांद्यावर टाकून घरी आली, तर टेबलापाशी चौघंही जागच्या जागी. कोणी हू की चू करत नव्हतं. पळीच घरात नव्हती, मग बोलणार कोण? दादा कानापर्यंत हसत होता, आई आणि बाबा शांतपणे नळाचं गळणं ऐकत होते, आणि आत्या, अर्धा तास गप्प बसून लालबुंद झालेली आत्या, दोन्ही हात पळीकडे पसरून बसली होती.

भोंग्याने पळी बाबांना दिली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.