हिरव्या फेरीतली खिडकी

पिवळी

"मंडळी, चार्ल्सटनमध्ये तुमचं स्वागत. मी एफ्रेम मझीक. आणि पुढे ज्याची पाठ तुम्हाला दिसतेय तो डीकन. आम्हा दोघांत शिकलेला तो आहे."

(इथे लोक हसतात. आजही हसले.)

माझ्या शेजारी, पुढच्या बाकावर, माझी मुलगी बसली होती. रोशेल. बाल्टिमोरला असते. ती हसली नाही. ती फाटकाकडे बघत होती.

फाटकात वँडा बसते, नगरपालिकेची. खेचराची गाडी पर्यटकांनी भरली की तिच्यासमोर नेऊन उभी करायची. ती यंत्र फिरवते, आतल्या गोट्या खडखडतात, एक खाली पडते. गोटीचा जो रंग, ते आपले रस्ते. अदलाबदल नाही, रदबदली नाही. तीस वर्षं खेचर हाकतोय, आज कुठे जाणार हे एकदाही मी ठरवलेलं नाही.

रोशेलला हिरवी हवी होती. मला हिरवी सोडून कुठलीही चालली असती.

"पिवळी," वँडा म्हणाली.

मी श्वास सोडला. शेजारून रोशेलनेही सोडला. तो वेगळा होता.

"डॅडी, अजून किती फेऱ्या?"

"ही धरून तीन. मग तुला विमानतळावर सोडतो."

"म्हणजे अजून दोन गोट्या."

"ती खिडकी चालत जाऊन बघून ये की. इथून पंधरा मिनिटं नाहीत."

"चालत नाही. ती म्हणायची गाडीतून. तुमच्या शेजारी बसून."

"मग पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली. "कितीतरी वर्षं मी मम्मीला हेच सांगत होते."

मी मागे वळलो आणि मंडळींना डाव्या हाताचं चर्च दाखवलं. त्याच्या घंटांबद्दल मला पुष्कळ माहिती आहे. ती सगळी सांगितली.


कथा, जशी मी सांगतो

"आता आवाज खाली ठेवा. उजवीकडचं गुलाबी घर. वरची, डावीकडून दुसरी खिडकी. एका जहाजाच्या कप्तानाची बायको तिथे राहायची, मिस इझाबेल. एका सकाळी कप्तान म्हणाला, जेवायच्या वेळेला येतो. गेला. बंदराबाहेर वादळ झालं. दीडशे वर्षं झाली, मंडळी, पानं मांडलेली आहेत. काही लोक म्हणतात ती अजून त्या खिडकीत... काय म्हणालात? खिडकीत बाई? कुठे? मला तर कुणी दिसत नाही."

(इथे लोक किंचाळतात.)


कथा, जशी झाली

ऑगस्ट होता, दगड तापलेले. त्या घरात माझी बायको अर्नेस्टीन कामाला होती. झाडलोट, चांदीची भांडी, काचा. मालक वर्षातून सहा आठवडे येत. मी खालून चाललो होतो, ती वर काच पुसत होती. गाडीतल्या एका लहान मुलीने विचारलं, ती बाई कोण? मी काही विचार न करता म्हणालो, कुठली बाई? मला तर कुणी दिसत नाही.

गाडीभर किंकाळी. वर अर्नेस्टीनने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती जाळीचा पांढरा पडदा डोक्यावर घेऊन उभी होती.

रात्री जेवताना म्हणाली, "मझीक," मला ती आडनावानेच हाक मारायची, "मी कुणाची बायको आहे म्हणून सांगितलंस त्यांना?"

"कप्तानाची."

"गोऱ्या?"

"आता कथा आहे म्हटल्यावर..."

"रोज सात वाजता तुझं ताट वाढून मी वाट बघते. आणि मेल्यावर कुणा परक्याची बघू?" मग हसायला लागली. "पण काय रे, काळी बाई खिडकीत दिसली की लोक म्हणतात काच पुसतेय. डोक्यावर पडदा घेतला की लगेच भूत. स्वस्तात झाली की बढती."

चौदा वर्षं चाललं ते. हिरवी गोटी निघाली की मी वळणावर दोनदा घंटी वाजवायचो. हातातलं काम टाकून ती जिना चढायची. हसू दाबायला पडद्याचं टोक दातात धरायची. ते फक्त मला दिसायचं.

फेब्रुवारीत ती गेली. आता जुलै आहे.


निळी

दुसऱ्या फेरीला वँडाने गोटी उचलून दाखवली. निळी. आणि मग, काही वाईट मनात नसताना, विचारलं, "मिस्टर मझीक, डीकनचा पाय कसा आहे?"

"बरा आहे."

रोशेल म्हणाली, "पायाला काय झालं?"

"तुम्हाला सांगितलं नाही? हे गेल्या आठवड्यात, सोमवारी, कामावर परत आले. मंगळवारी हिरवी निघाली तर खेचर लंगडलं. मंडळी उतरवली, दुसऱ्या गाडीत घातली. शुक्रवारी हिरवी निघाली, परत लंगडलं. पिवळीला मात्र शर्यतीतल्यासारखं पळतं." वँडा हसली. "रंग कळतो बहुतेक त्याला."

मी लगाम हलवला. बाजार मागे पडल्यावर रोशेल माझ्याकडे वळली.

"मला म्हणालात, कामावर आल्यापासून हिरवी निघालीच नाही."

"मंडळी, डावीकडे बघा, या घराचा लांब सज्जा..."

"डॅडी."

"...समुद्राचा वारा घरात यावा म्हणून..."

"डॅडी, मागच्यांना ऐकू जातंय. मी तुम्हाला विचारतेय."

मी सज्ज्याबद्दल बोलत राहिलो. लाल कमरपट्टा, गवती टोपी, तीस वर्षांचा सराव. जीभ आपोआप चालते. माणूस तेवढ्या वेळात आत कुठेही जाऊन बसू शकतो.


जे तिला सांगितलं नाही

अर्नेस्टीनला मी दवाखान्यात पाहिलं. पेटीत पाहिलं. तिच्यावर माती मीच टाकली, तीन मुठी. घरातलं तिचं कपाट रिकामं पाहिलं. सगळीकडून ती गेलेली आहे हे मी नीट तपासलेलं आहे.

एक जागा राहिली होती. तिथून ती गेलेली मी अजून पाहिली नव्हती. तेवढी एक खिडकी.


हिरवी

गोटी पडली आणि वँडाने ती लगेच उचलली नाही. आधी माझ्याकडे पाहिलं.

गाडीत सोळा माणसं होती. मागच्या बाकावर मिनेसोटाच्या एक बाई, गुलाबी टोपी, हातात पंखा. त्या म्हणाल्या, "हिरवी चांगली का हो?"

मी खाली उतरलो. डीकनच्या पुढच्या डाव्या पायापाशी वाकलो, खूर उचलून गुडघ्यावर घेतला. खुरात काही नव्हतं. मी तिथे बोट फिरवत राहिलो.

रोशेल उतरून माझ्याजवळ आली. तीही वाकली. दोघं एका खेचराच्या खुरात बघतोय.

"काही नाहीये त्यात," ती हळू म्हणाली.

"तुला काय कळतं खुरातलं?"

"मी तिला काय म्हणाले होते माहितीये तुम्हाला?"

"कुणाला?"

"तीन वर्षांपूर्वी. फोनवर. ती म्हणाली, ये ना एकदा, डॅडींच्या गाडीत बस, मी वरून हात करते. मी म्हणाले, तुम्ही दोघं त्या लोकांपुढे नाचता ते मला बघायचं नाही." तिने ओठ आवळले. "नाचता म्हणाले, डॅडी. हाच शब्द. ती म्हणाली, बरं. जेवलीस का?"

डीकनने शेपटी झटकली.

"परत तिने कधी विचारलंच नाही, गाडीत बस म्हणून. कितीदा आले नंतर, नाताळला, तिच्या साठीला. मी वाट बघत होते तिने विचारायची. या वेळी विचारलं असतं तर हो म्हणाले असते."

अर्नेस्टीनने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला आठवलं फक्त एवढं, की कुठल्याशा एका संध्याकाळी तिने पडदा घरी आणून धुतला, इस्त्री केली. मी म्हणालो, भुताला कसली इस्त्री? ती म्हणाली, "पोरगी कधीतरी येईल. चुरगळलेला बरा दिसत नाही."

हे रोशेलला सांगावं का? खूर माझ्या गुडघ्यावर जड झाला होता. मी तो खाली ठेवला. तोंड उघडलं आणि म्हणालो,

"पाय बरा आहे, वँडा."


कथा, जशी आता सांगतात

गल्लीत आमच्या पुढे कोल्बीची गाडी उभी होती. ओहायोचा तरुण मुलगा, मार्चमध्ये लागला. अर्नेस्टीनला त्याने कधी पाहिलं नाही. कुणाकडून तरी ऐकून तो सांगतो, आणि मन लावून सांगतो.

"...आणि शेवटपर्यंत ती रडत राहिली," कोल्बी म्हणत होता. "शांत रात्री अजून ऐकू येतं. हे जुन्या कागदपत्रांत आहे."

कुठल्याही कागदपत्रांत नाही. मी ते ऑगस्टमधल्या एका दुपारी, उन्हात, घामेजून बनवलं.

आणि ती रडली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं. अरे पोरा, त्या खिडकीत ती एकदाही रडलेली नाही. दातात पडदा धरून हसायची.

कोल्बीने मला पाहिलं, टोपीला हात लावला आणि गाडी पुढे काढली. जागा आमची झाली.


खिडकी

मला भीती होती ती डीकनची. तिथे आलं की तो आपोआप थांबायचा, कारण ती वरून पेपरमिंटची गोळी टाकायची. मी मनाशी म्हणत होतो, आता हा थांबेल आणि मान वर करेल, आणि मग माझं काही खरं नाही.

डीकन थांबला नाही.

तो सरळ पुढे चालत राहिला. पाच महिन्यांत विसरला होता. लगाम मला ओढावा लागला.

वळणावर घंटी मी वाजवली नव्हती. आता थांबल्यावर दोनदा वाजवली. का, ते मला विचारू नका.

वर झडपा उघड्या होत्या. काचेत आकाश होतं आणि समोरच्या घराची चिमणी. पडदा नव्हता. कुणीतरी काढून नेला असेल.

"मंडळी," मी म्हणालो. "उजवीकडचं गुलाबी घर."

पुढचं आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा जीभ थांबली. मंडळी वाट बघत होती. त्यांना वाटलं, असंच असतं हे, आधी थोडी शांतता.

रोशेल उभी राहिली. बाकावर, माझ्या शेजारी, एका हाताने माझा खांदा धरून. दुसरा हात तिने वर केला आणि खिडकीकडे बघून हलवला. मोठी माणसं हात हलवतात तसा नाही. शाळेच्या बसमधून हलवायची तसा, कोपरापासून.

मागच्यांना वाटलं हा खेळाचा भाग आहे. त्यांनीही हात वर केले. सोळा जणांनी, हसत, रिकाम्या काचेला.

"आई गं!" गुलाबी टोपीवाल्या बाई किंचाळल्या. "दिसली! मला दिसली!"

अर्नेस्टीन सुट्टीवर असली तरी दर फेरीला एकाला तरी दिसायची. मी कित्येक वर्षं पाहतोय. काचेवरून ढग जातो, पक्षी जातो. रोशेल शिकलेली मुलगी आहे, शाळेत विज्ञान शिकवते. तिला हे माहीत आहे.

ती गर्रकन वळली. "कुठे?"

"तिथे, वर..."

"कुठल्या काचेत? डावीकडच्या? नीट सांगा. कशी होती? हात केला का तिने?"

"काय छान बसवलंय यांनी," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"बाई, प्लीज. कुठल्या काचेत?"

बाई खुशीत होत्या. एवढ्या आस्थेने त्यांना कुणी काही विचारलं नसेल. त्यांनी पंख्याने दाखवलं. "त्या खालच्या काचेत, कोपऱ्यात. पण आता नाही दिसायची." त्यांनी रोशेलच्या हातावर थोपटलं. "आत्ताच गेली बघा. तुम्हाला थोडा उशीर झाला."

मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती. तिच्या गाडीवानाने घंटी वाजवली, एकदा, मग पुन्हा. आम्हाला निघायला हवं होतं. मी लगाम हातात घेतला, आणि तसाच धरून ठेवला, कारण माझ्या खांद्यावरचा रोशेलचा हात तिने अजून काढला नव्हता आणि ती वर बघत होती, खालच्या काचेत, कोपऱ्यात.