पिवळी रेघ

मिस्त्रीचा जळफळाट सकाळीच सुरू झाला. ट्रॅक्टरवाली बाई गॅरेजच्या दारात उतरली आणि थेट म्हणाली, "बारक्या कुठंय?" जिचे ट्रॅक्टर मिस्त्रीने वर्षानुवर्षं पोटच्या पोरासारखे सांभाळले, तिला आता बारक्या हवा! आणि हा बारक्या कोण? तर मिस्त्रीच्याच बायकोचा भाऊ. त्याला पाना धरता येत नव्हता, तेव्हा मिस्त्रीनेच त्याला हाताशी घेतलं होतं. घ्या, भोगा आता!

कामही साधंसुधं नव्हतं. पुढच्या एक्सलचे धक्के झेलणारे दोन्ही हायड्रॉलिक सिलिंडर तेल गाळत होते, ते बदलायचे होते. बारक्याने आधी आत कोंडलेला दाब सोडला, पाइप खोलले, नवे सिलिंडर पिनांवर बसवले. तेही शीळ घालत! मिस्त्री शेजारच्या इंजिनात डोकं खुपसून होता, पण कान सगळे तिकडे. घरी बायकोचंही तेच पालुपद, "माझ्या भावाच्या हाताला गुण आहे हो." मग मिस्त्रीच्या हाताला काय गंज चढला होता?

गॅरेजचा एक नियम होता. नट शेवटचा आवळला, की आवळणाऱ्याने नटावरून पिनेच्या टोकापर्यंत आपल्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. मिस्त्रीची पांढरी, बारक्याची पिवळी. रेघ ओढली म्हणजे शब्द दिला. पिनांचे नट मात्र जॅक काढून एक्सलवर वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे.

बारक्या हात धुवायला गेला, तसा मिस्त्री ट्रॅक्टरखाली सरकला. रोजच सरकायचा. कशाला? एकदा तरी चूक सापडावी म्हणून, दुसरं काय! आणि आज सापडली. डाव्या नटावर ओली पिवळी रेघ होती, पण नट बोटांनीच फिरला. बारक्याने घाईत रेघ आधी ओढली होती आणि आवळायचं राहून गेलं होतं.

मिस्त्रीला मनातून उकळ्या फुटल्या. त्याने नट मागे फिरवून रेघ पुन्हा जुळवली आणि गुपचूप बाहेर आला. निसटू दे पिन वाटेत. होऊ दे फजिती. मग येईल बाई मुकाट माझ्याकडे! बाईच्या वाटेतला तीव्र उतार त्याने मनात येऊच दिला नाही.

बाई सीटवर चढली. "उतारावर काही होणार नाही ना रे?"

"बिनधास्त जा," बारक्या हसला. "माझं काम झालं की भाऊजी गुपचूप सगळं तपासतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही. त्यांची नजर फिरते, म्हणून तर मी निर्धास्त असतो."

मिस्त्री हातातलं काम टाकून उठला. मेल्या, हे आधी नाही सांगायचंस! ट्रॅक्टर फाटकाशी पोचलाही होता. "बाई, थांबा!" तो हात वर करून आडवाच धावला. ब्रेक करकचून लागले.

"डावा नट... ढिला आहे," तो धापा टाकत म्हणाला.

बारक्या धावत आला. "वाचवलंत, भाऊजी!" म्हणत त्याने मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरला. आणि तसाच बघत राहिला. मिस्त्रीच्या अंगठ्याला नि बोटाला पिवळा रंग लागला होता, केव्हाचा वाळलेला.

बारक्याने हात सोडला, पाना घेतला आणि ट्रॅक्टरखाली शिरला. डावा नट आवळला. मग बाकीचे सगळे नट एकेक करून स्वतःच पुन्हा तपासले. शीळ मात्र ऐकू आली नाही.