नेटीला येणारे फोन

सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. नांगरलेल्या रानांतली माती उठून हॅस्लर गावात शिरत होती, आणि तिला अडवायला गावात होतं तरी काय? गव्हाचं उंच कोठार, चर्च, ओपलची खाणावळ आणि पार टोकाला एल्डन प्रोबस्टचं वेल्डिंगचं दुकान. कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात वाऱ्याला आडवं येणारं एवढंच.

एल्डन होमर व्हिकर्सच्या नांगराची मोडलेली दांडी सांधत होता. होमर पालथ्या बादलीवर बसून तोंड चालवत होता.

"नीट सांध रं. मागल्या खेपेचा तुझा सांधा माझ्या बायकूच्या अबोल्यापेक्षा लवकर सुटला."

"सांध्याला काय झालं न्हाई. तूच दगडातनं नांगर हाकतोस," एल्डन मुखवट्याआडून म्हणाला.

भिंतीवरचा फोन वाजला. एल्डननं ठिणग्या थांबवल्या, मुखवटा वर केला, हात विजारीला पुसले. एवढ्या घाईनं तो कुठल्या गिऱ्हाइकाकडे जात नसे.

"नेटी प्रोबस्ट आहेत का?" पलीकडून कुणी पोरगी विचारत होती. फोन जुना, आवाज सगळ्या दुकानात ऐकू जायचा.

"न्हाई. परसात गेलीय. भोपळ्याच्या वेलांना पाणी घालतीय."

"कधी भेटतील?"

"तिचं काय सांगावं बाई? झाडांत शिरली की भान ऱ्हात न्हाई तिला. उद्या करून बघा."

त्यानं फोन ठेवला. होमरचं तोंड उघडंच राहिलं होतं. एल्डनच्या बायकोला, नेटीला, गावानं मागल्या हिवाळ्यात पुरलं होतं. जमीन गोठून दगड झालेली, कुदळीला दाद देईना, तेव्हा होमरनंच खड्ड्यासाठी आपलं यंत्र आणलं होतं.

"एल्डन..."

"दांडी तापलीय. हात लावू नकोस," एल्डन म्हणाला आणि मुखवटा खाली ओढला.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओपल ग्रिन्स्टेड दुकानात आली. थोराड बाई, सत्तरी ओलांडलेली, अंगात खाणावळीचा एप्रन तसाच. तिनं हातातली सफरचंदाच्या केकची थाळी ऐरणीवर आदळली.

"मेलेल्या बाईला पाणी घालाय पाठवतोस व्हय रं? जितेपणी कमी राबली का ती?"

"होमर बोलला वाटतं."

"त्याच्या पोटात काय ठरतंय? पर आज बरं केलं त्यानं. कोण फोन करतंय?"

एल्डननं मुखवटा काढून ठेवला. मग हळूहळू बोलला. दवाखान्याची बिलं, ती भागवायला काढलेलं कर्ज, त्या कर्जाचे हप्ते भरायला घेतलेली उधारीची कार्डं. सगळीकडं नेटीचं नाव आणि खाली त्याची सही. आता वसुलीवाले रोज फोन करत होते.

"पयल्यांदा म्हनलं, खरं सांगावं. जीभच उचलंना. मग बोलून गेलो, बाजाराला गेलीय. फोन ठेवला आन् ओपल, मला खरंच वाटलं, गेलीय बाजाराला. यील आता. सारी दुपार बरी गेली बघ."

"आन् मग रोजचंच झालं."

"आता मीच वाट बघतो फोनची. काल परसात नळ वाहिल्याचा आवाज आला. बघाय गेलो."

"काय होतं?"

"पत्रा वाजत हुता वाऱ्यानं."

ओपलनं होमरची बादली ओढून घेतली आणि तिच्यावर बसली. 

"दिवाळं काढ, एल्डन. कोर्टात अर्ज दिला की कर्ज माफ हुतं."

तो एकदम ताठ झाला. "आमच्या घरात कुणी आसलं काम केलेलं न्हाई."

"आमच्या घरात झालं. तुला ठाव हाय, अख्ख्या गावाला ठाव हाय. खिळेमोळ्यांचं दुकान बुडलं, नवरा हाय खाऊन मेला आन् कोर्टात मी एकली हुबी ऱ्हायले. त्याच्या आधी वर्सभर पडदं लावून घरात बसले हुते. कुणाला इचारलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. ते वरीस तेवढं वाया गेलं. कोर्टाचं काय न्हाई रं, पडद्याआडचं वंगाळ. तू तसा बसू नकोस."

"लोक काय म्हनतील?"

"आत्ता काय म्हनत्यात ते ऐकायचंय का? वेडा झाला म्हनत्यात. जिल्ह्याच्या गावाला वकीलबाई बसती, गरिबाकडनं पैसं घेत न्हाई. मी गाडी हाकते. तू निस्तं बाजूला बस."

वकीलबाई मार्सेला उरिबे वाचनालयाच्या मागल्या खोलीत बसायची. एल्डनच्या लेकीच्या वयाची असेल, त्याला लेक असती तर. तिनं घाई केली नाही. काम काय, घर कुणाचं, कमाई किती, एकेक विचारत गेली. मग म्हणाली, "आणि पत्नी?"

"परसात..." एल्डन बोलून गेला.

ओपलनं त्याच्या कोपराला हात लावला. वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. वाचनालयात कुणीतरी पोरांना गोष्ट वाचून दाखवत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"मेली," एल्डन म्हणाला. "हिवाळ्यात."

इतके महिने ती त्याच्यासाठी बाजारात होती, परसात होती, चर्चमध्ये होती. त्या खोलीत, वकीलबाईच्या समोर ती खरी मेली. एल्डन टोपी तोंडावर धरून रडला आणि दोघी बायकांनी त्याला रडू दिलं.

मग वकीलबाईनं सगळं समजावून सांगितलं. घर राहील. दुकानातली हत्यारं राहतील, पोटाचं साधन कायदा काढून घेत नाही. मालाची गाडीही राहील.

"दुसरी गाडी आहे?"

"नेटीची हाय. हिरवी. जुनी."

"ती बहुधा देणं भागवायला जाईल. आणि एल्डन, काही लपवू नका. कोर्टात शपथेवर विचारतात. लपवलेलं सापडलं तर जे वाचतंय तेही वाचणार नाही."

"बरं."

"आणखी एक. अर्ज कोर्टात गेला की हे फोन बंद. त्यांना तुम्हाला फोन करायची मनाई होते."

"बंद?" एल्डननं विचारलं. "समदेच?"

माणूस खूश होईल असं वकीलबाईला वाटलं होतं. त्याचा उतरलेला चेहरा बघून ती ओपलकडं बघू लागली. ओपलनं नुसती मान हलवली.

अर्ज गेला आणि फोन थांबले. दुकान असं सुनं झालं, की एल्डन काम नसताना यंत्र चालू ठेवू लागला. एकदा त्यानं उगाच फोन उचलून कानाला लावला. आत नुसतं घूं घूं.

कोर्टाची तारीख जवळ आली तसा होमर दुकानात आला. आज तो बादलीवर बसला नाही.

"ऐक गड्या. ती नेटीची गाडी माझ्या नावावर कर. माझ्या गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवतो. समदं मिटलं की घिऊन जा. कुणाला कळतंय?"

होमरच्या मनात पाप नव्हतं. काहीतरी करावं, पण काय करावं ते त्याला उमगत नव्हतं, एवढंच.

"सांगतो," एल्डन म्हणाला.

होमर गेल्यावर तो परसातल्या त्या हिरव्या गाडीत जाऊन बसला. काचा बंद केल्या. आत अजून नेटीच्या हाताला लावायच्या मलमाचा वास होता. बाहेर मातीचा लोट आला की काचा तांबूस व्हायच्या, पुन्हा उजळायच्या. तो शेजारच्या बैठकीवर बसला होता, चालवायची जागा मोकळी ठेवून. ती काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. कर म्हणेल, नको म्हणेल, निदान पाय पुसून बस म्हणेल. ऊन कलंडलं तरी कुणी काही बोललं नाही.

त्यानं होमरला फोन केला. "नगं रं. तिच्या नावानं लई खोटं बोललो मी. आता पुरं."

कोर्टाची ती बैठक म्हणजे एक साधी खोली निघाली. लांब टेबल, बोलणं टिपायचा टेप आणि कोर्टानं नेमलेला कारभारी. कोट घातलेला, सर्दी झालेला माणूस. एल्डनला वाटलं होतं वसुलीवाले ओळीनं बसलेले असतील, बोटं दाखवतील. एकही आला नव्हता. रोज फोन करणारी एवढी माणसं, पण तोंड दाखवायला एक नाही.

"मालकीचं आणखी काही?" कारभाऱ्यानं नाक पुसत विचारलं.

"एक गाडी हाय. माझ्या बायकूची. ती वारली."

"चालू आहे?"

"झकास चालती."

वकीलबाईनं डोळे मिटले. एवढं सांगायची काही गरज नव्हती. कारभाऱ्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. झालं. ज्याच्या धास्तीनं एल्डनची भाकरी गोड लागत नव्हती, ते विडी पेटवायला लागतो तेवढ्या वेळात आटपलं.

काही दिवसांनी दोरखंड लावलेला ट्रक आला आणि हिरवी गाडी घेऊन गेला. जिथं ती उभी असायची तिथं गवत पिवळं, चौकोनी राहिलं. एल्डन ते बघत पायरीवर बसला होता, तेव्हा ओपल आली.

"सुटलास बाबा."

"सुटलो," एल्डन म्हणाला. "पर ओपल, आता तिला कुणी हाकच मारत न्हाई. ते वसुलीवाले पैशापायी का हुईना, रोज तिचं नाव घेत हुते. गावात कोण घेतंय? मी समोर आलो की लोक पावसापाण्याचं बोलत्यात."

ओपल त्याच्याजवळ पायरीवर टेकली. तिचे गुडघे वाजले.

"एक सांगते. तिनं मला शपथ घातली हुती, आता ती काय रागवाय येत न्हाई. माझं दिवाळं निघालं, पुढं ही खाणावळ घातली, तवा तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. जणू माझ्या कॉफीनंबी दिवाळं लागंल. तवा तुझी नेटी रोज दुपारी यायची. रस्त्याकडंच्या खिडकीत, अगदी पुढं बसायची. मी म्हनायचे, आत बस, ऊन लागतंय. ती म्हनायची, न्हाई, हितंच. समद्या गावाला दिसू दे की."

एल्डन तिच्याकडं वळला.

"मला म्हनायची, शिवणाला जाते."

"शिवता येत हुतं का तिला?"

"न्हाई," एल्डन म्हणाला आणि हसला. खोकत, पण हसला. "साधं बटण लावता येत नव्हतं. मीबी कसा येडा, कधी इचारलं न्हाई. आजून सांग."

"बसून बसून कॉफी वंगाळ म्हनायची. आन् दुसरा कप मागायची."

ओपल सांगत राहिली. वारा पडला होता. माती खाली बसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एल्डननं दुकानाला कडी लावली, तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला. अर्ज गेल्यापासून तो खाणावळीकडं फिरकला नव्हता. आत शिरला तशी सगळी बोलणी थांबली. चमचे हवेतच राहिले. होमर मागच्या कोपऱ्यात होता, त्यानं सरकून शेजारी जागा केली आणि हातानं खूण केली, इकडं आडोशाला ये.

एल्डननं त्याला मान डोलावली. मग तो रस्त्याकडच्या खिडकीशी गेला, खुर्ची उजेडात ओढली आणि तोंड बाहेर करून बसला.

"ओपल," त्यानं मोठ्यानं हाक दिली, "नेटी प्यायची तसली कॉफी आण."