टॉवेलवाले साहेब

माझी नोकरी गेली. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण गाझियाबादला आमच्या घरी अजून तसंच धरून चाललंय.

आमची कंपनी नोएडाची, दुकानं परदेशातही. त्यातली पोलंडमधली विकायची ठरली. तिथल्या कुठल्या फळीवर लोणचं आणि कुठल्या फळीवर मोजे, हे नोएडात बसून ठरवणारा मी. त्यामुळे दुकानांबरोबर मीही विकला गेलो. खुर्ची मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली.

एचआरच्या ऋचाने प्रेमाने समजावलं. नव्या मालकाचा माणूस सोमवारी येणार, ज्याला बसायला जागा असेल त्यालाच ठेवणार. आणि विकलेल्या माणसाला जुनी कंपनी जागा देत नाही. तेवढं मॅनेज कर यार, म्हणाली.

तेव्हापासून मला कुठे बसवेना. घरी जेवायचो तेही उभ्यानेच. माझी आई शैला एका मंत्रालयात आहे, रिटायरमेंटला टेकलेली. तिने पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलं, हात धुतले आणि कपाटातून पांढराशुभ्र टॉवेल काढला.

"हा खुर्चीच्या पाठीवर टाक, सिद्धू. दिल्लीत टॉवेलवाल्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. आमचं अख्खं मंत्रालय दुसऱ्या इमारतीत गेलं, साहेबांची खुर्ची टॉवेलसकट गेली."

टाकला. खुर्ची उचलायला आलेला नरसिंह, जो ऑफिसचं फर्निचर बघतो, तो हात मागे घेऊन परत गेला. दुपारी टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास आला. मग सहीसाठी एक फाइल. ऋचाने आवाज खाली आणून विचारलं, साहेब कधी जॉइन झाले? मी म्हटलं, आत्ताच, मीटिंगमध्ये आहेत.

हे म्हणायला नको होतं.

सोमवारी मी बसायला गेलो, तर नरसिंहने कोपर धरलं.

"सर, पागल हो क्या? बड़े साहब की कुर्सी है."

"अरे भाई, मेरी है. टॉवेल मेरी माँ का है."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आप साहब होते, तो रोज़ दिखते क्या?"

 तेवढ्यात नव्या मालकाचा माणूस आला. टॉवेलपुढे किंचित वाकला, साहेबांना कायम केलं. मी तिथेच उभा होतो, त्यामुळे मला जागा आहे का, हे त्याला विचारावंही लागलं नाही.

आई रोज विचारते, टॉवेल आहे ना? आहे, म्हणतो, आणि ते खरंच आहे. रविवारी धुवायला आण, म्हणते. मी डबा घेऊन निघतो. मेट्रोत जागा असली तरी बसत नाही. मग ऑफिसच्या गेटवर एक अर्ज देऊन येतो:

"मा. साहेब, आपण रजेवर असाल त्या दिवशी अर्जदारास आपल्या खुर्चीवर तात्पुरत्या स्वरूपात बसण्याची अनुमती मिळावी, तसेच टॉवेल एका रविवारपुरता धुण्यासाठी घरी नेऊ द्यावा, ही नम्र विनंती."