निघालेल्याला कुठं म्हणू नये

गाडी पुढं जाणार नाही हे अरुंधतीला कळलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि तेव्हापासून ती एका जागी पाच मिनिटं बसली असेल तर शपथ.

रात्रीच्या पावसानं मळवलीच्या पुढं रुळांखालची माती-खडी वाहून गेली होती. कल्याणहून आलेली गाडी लोणावळ्यालाच थांबली. माणसं उतरली. कुणी ओळखीपाळखीच्या घरी गेलं, कुणी परतीची गाडी धरली. मागं उरले ते अडलेले. स्टेशनातला बाबू त्यांना दर खेपेला एकच सांगे, "होईल तासाभरात." नवाला तासाभरात, दहाला तासाभरात. त्याचाही बिचाऱ्याचा दोष नव्हता. तारेनं त्याला जे कळत होतं तेच तो बोलत होता. पण त्या 'तासाभरात'नं अरुंधतीला ना धड बसता येत होतं, ना उठता.

फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या सहा फेऱ्या झाल्या. धुकं इतकं दाट की पलीकडच्या फलाटावरचा गुडदाणीवाला नुसत्या आवाजावरून कळायचा. ती फाटकाबाहेर जाऊन टांगेही बघून आली. दोनच टांगे होते. दहा मैल, त्यात हा पाऊस. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं घोड्याकडं बोट दाखवलं. आणि समजा, हो म्हणाला असता, तरी अनोळखी पुरुषाबरोबर एकटीनं त्या आडवाटेला जायची छाती तिला नव्हतीच.

एकटीनं प्रवास करायचीही ही पहिलीच वेळ. काल भाऊजींचं कार्ड आलं होतं: 'तुमच्या अक्काची प्रकृती फारच ढासळली आहे. अन्न सुटले आहे. अधूनमधून तुमचे नाव घेते. ताबडतोब निघावे.' अक्काचे यजमान कामशेतला शाळामास्तर होते. कार्ड वाचून तिच्या नवऱ्यानं, माधवरावांनी लगेच तार केली, 'उद्या सकाळी दोघे निघतो.' आणि रात्री कचेरीतून आले ते तोंड पाडूनच. रजा नामंजूर. "तू हो पुढं," ते म्हणाले, "मी रविवारी येतो." रविवारपर्यंत काय आणि काय नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बायकांच्या बसायच्या जागी, कोपऱ्यातल्या बाकावर तिचं गाठोडं होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. त्यात दोन लुगडी, कापसाचा पेळू, आणि रेशमी खणात गुंडाळलेली बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा.

या अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. आजारपणात मोडला नाही, सुतकात शेजारणीकडून करवून घेतला. आज पहाटे निघताना तिनं विचार केला होता, दहाच्या आत अक्काकडं पोचू, तिथंच अंघोळ करून, तिच्याच देवघरात करू. आता साडेदहा झाले. घसा लाकडासारखा झाला होता.

बाकावर परत आली तर शेजारी एक बाई येऊन टेकली होती. चांगली उंचनिंच, कपाळाला आडवं कुंकू, लुगड्याचा घोळ पोटरीपर्यंत भिजलेला. पायाशी टोपली आणि भिंतीला टेकवलेलं पानांचं इरलं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"सरकू का वाईच?" बाई म्हणाली.

"असू द्या. बसा."

"झुंबरबाई म्हनत्यात मला. तुमचं ऱ्हाऊ द्या, बोलता बोलता कळंलच." आणि दम खाऊन म्हणाली, "लांबचा पल्ला व्हय, बाई?"

अरुंधतीला ते ऐकून बरं वाटलं. तिची आई सांगायची, घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, काम मोडतं. विचारायचंच तर लांबचं का जवळचं एवढं विचारावं. शहरात आता कुणी पाळत नव्हतं. इथं, या कोपऱ्यात, चिखलानं भरलेल्या पायांची ही बाई मात्र अगदी आईच्या शब्दांत विचारत होती.

"तसा जवळचाच," ती म्हणाली. "पण पोचले तर खरं."

"पोचाल की. आमचाबी जवळचाच. पाव्हणं न्यायला आलोय. जोडीनं यायचीत म्हनं मुंबईकडनं. आता एकाच्या गाडीला येत्यात का बगायचं." तिनं बाहेर पाहिलं. "मालक बैलांपाशी हायेत. सकाळधरनं तोंड फुगवून बसल्यात. बेणणीचं दीस, भातात तण माजलंय, आन् आपल्याला हितं बसवलं म्हनून."

अरुंधती हसली, आणि हसल्या हसल्या तिला लाज वाटली. अक्का तिकडं अंथरुणाला खिळलेली, आणि आपण हसतो आहोत. ती उठली, फलाटावर गेली, घड्याळ पाहिलं, परत आली. पेळू काढून वाती वळू लागली. वात काही जमेना. एक जाड, एक बारीक, एक मध्येच तुटलेली.

"जीव थाऱ्यावर न्हाई तुमचा," झुंबरबाई म्हणाली. "वात बगा, कशी तुटतीया. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई वाटतं?"

"नैवेद्य व्हायचाय माझा."

"मंग दावा की. द्येवाला काय ठेसन चालत न्हाई व्हय? पाऊस तर त्योच पाडतुया हितं." टोपलीतून तिनं एक कोवळी, काटेरी काकडी काढली. "वेलावरची हाय, सकाळी खुडलेली. कुनी तोंड लावलेलं न्हाई. चालंल का?"

अरुंधतीनं क्षणभर विचार केला. मग नळावर जाऊन हातपाय धुतले, काकडी धुतली, बाकाच्या कोपऱ्यात पदर आडवा धरून खण उलगडला. अन्नपूर्णा बाहेर निघाली. हातातली पळी झिजून बारीक झालेली, नाक तर पुसटच झालेलं. अकरा वर्षं तिच्या, आणि त्याआधी चाळीस वर्षं आईच्या बोटांनी.

झुंबरबाईनं लांबूनच हात जोडले. "लय जुनी दिसती. कुनाची म्हनायची ही?"

"माझी" हा शब्द अरुंधतीच्या ओठांवर आला होता. अकरा वर्षं ती हेच सांगत आली होती. शेजाऱ्यांना, भटजींना, लेकीला. कुणास ठाऊक काय झालं. समोरची बाई अनोळखी होती म्हणून असेल, की घसा कोरडा होता म्हणून.

"माझ्या अक्काची," ती म्हणाली.

"मंग तुमच्यापाशी कशी?"

"राहून गेली."

"ऱ्हाऊन गेली?" झुंबरबाईनं डोळे मोठे केले. "द्येव म्हंजी काय टोपली हाय व्हय, कुनाच्या वसरीला ऱ्हाऊन जायला?"

डोळे मिटून अरुंधतीनं काकडीभोवती पाणी फिरवलं. मिटल्या डोळ्यांपुढं आईचा तेरावा दिवस आला. 'ही थोरलीला द्यायची,' असं आई म्हणून गेली होती, तेव्हा ऐकायला अरुंधती एकटीच होती. अक्का पोचायची होती. मग कुणी विचारलं नाही, आणि अरुंधतीनं सांगितलं नाही. निघताना अन्नपूर्णा आपल्या ट्रंकेत ठेवली, एवढंच. ट्रंक गाडीवर चढवताना झाकण उघडलं आणि अक्कानं मूर्ती पाहिली. आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "देव चोरून नेणारीच्या हातचं पाणी मी पिणार नाही. मरतानासुद्धा नाही."

त्यानंतर पत्र नाही, हळदीकुंकू नाही. नेम तेवढा चालू राहिला. जिचा देव तिला द्यायचा नाही आणि नैवेद्य मात्र एक दिवस चुकवायचा नाही, असला तो नेम. आज ती अन्नपूर्णा परत करायला निघाली होती. अक्कानं डोळे मिटायच्या आत तिच्या हातात ठेवायची, आणि आई काय म्हणाली होती ते सांगायचं. मिटल्यावर पोचलं तर ही बोटभर मूर्ती कुठल्या देवघरात ठेवायची हे तिला कळत नव्हतं.

काकडीचा तुकडा तोंडात घातला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. "कडू हाय व्हय?" झुंबरबाईनं विचारलं. "नाही हो. गोड आहे," ती म्हणाली.

बारा वाजले. बाबू म्हणाला, तासाभरात. अरुंधतीनं मनाशी ठरवलं, एकाच्या गाडीतून कुणी कामशेतकडं जाणारं भेटलं तर चालत निघायचं. झुंबरबाईनं तिला आंबेमोहोर कसा ओळखायचा ते सांगितलं, जावयाची नक्कल करून दाखवली, आणि न मागता सहा वाती वळून दिल्या. त्या अरुंधतीच्या वातींपेक्षा सरस होत्या.

एकाची गाडी धुक्यातून आली. झुंबरबाई इरलं डोक्यावर घेऊन धावली. अरुंधतीही उठली, डब्याडब्याशी जाऊन विचारून आली. पुढचं कुणी नव्हतं. गाडी रिकामी झाली. टोपी, छत्री, पोरंबाळं सगळी फाटकातून निघून गेली.

झुंबरबाई परत आली ती हात हलवत. मागोमाग तिचा नवरा आला. भिमाजी त्याचं नाव. घोंगडी खांद्यावर, मिशांतून पाणी गळत होतं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

"न्हाई आली," तो म्हणाला. "कोट-टोपीवाला एक न्हाई त्या गाडीत. चल. बैलं किती वेळ उबी ऱ्हातील पावसात?"

"आवो, पर कबूल केलंय त्यास्नी..."

"कबूल केलं म्हनून काय वस्तीला ऱ्हायचं? मोकळी गाडी न्यायची, दुसरं काय." त्याचं लक्ष अरुंधतीकडं गेलं. बाकाच्या कडेला अवघडून बसलेली, गाठोडं मांडीवर घट्ट धरलेलं. त्याचा आवाज जरा उतरला. "ही बाई सकाळपासनं हितंच हाय न्हवं? तुमाला वो, मावशी, कुटं जायाचं?"

"अगं बया!" झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. "जीभ झडली का तुमची? निघाल्या मानसाला कुटं म्हनून इचारत्यात?"

अरुंधतीच्याही काळजात लक्कन हललं. सकाळपासून कुणी उच्चारला नव्हता तो शब्द, आणि आजच, या कामाला निघाल्यावर. आई असती तर पाणी देऊन पाच मिनिटं खाली बसवलं असतं. पण माणसानं विचारलंय तर सांगायला हवं.

"कामशेतला," ती हळू म्हणाली. "शाळेतल्या मास्तरांकडं. माझी बहीण आहे तिथं."

भिमाजीच्या मिशीवरून एक थेंब गळला.

"मास्तरीणबाईंच्या भैन?" झुंबरबाई म्हणाली. "तुमी?"

"हो."

"आन् तुमचं मालक?"

"त्यांना रजा मिळाली नाही. मी एकटीच आले, साडेआठच्या गाडीनं."

"आरं द्येवा!" झुंबरबाई मटकन खाली बसली. "मास्तरांनी रातच्याला सांगितलं, गाडी लोनावळ्याम्होरं न्हाई, बैलगाडी घिऊन जा, मुंबईचं सायेब आन् त्यांची बाई आना. आमी कोट हुडकतोय, टोपी हुडकतोय! काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

"तीन तास," भिमाजी म्हणाला. "तीन तास शेजारी बसून गप्पा हानल्या बायकांनी, आन् इचारलं न्हाई. आन् म्या इचारलं तर माजी जीभ झडती."

"तुमी गप बसा आन् बैलं जुपा!"

अरुंधतीला मात्र दुसरंच विचारायचं होतं. झुंबरबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि न विचारताच सांगितलं, "सकाळी निगताना बगून आले. डोळं उगडं हुतं. बोलत न्हवत्या, पर उगडं हुतं."

गाडीवर गोणपाट बांधलेलं होतं, खाली भाताचा पेंढा. सडकेला खड्डे, वळणावळणाला ओढ्यांचं पाणी आडवं. अरुंधती एका हातानं गाडीच्या कडेचा साटा धरून, दुसऱ्यानं गाठोडं छातीशी धरून बसली होती. बैल संथ चालत. उतरून ढकलावं असं तिला वाटे. कार्ल्याचा फाटा गेला तेव्हा तिनं विचारलं, "आणखी किती?" झुंबरबाई म्हणाली, "आलंच." थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. चौथ्या वेळी भिमाजी मागं न पाहता म्हणाला, "तासाभरात," आणि काय विनोद झाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

साडेपाचला मास्तरांच्या दाराशी गाडी थांबली. भाऊजी ओसरीवर उभे होते. त्यांच्या तोंडाकडं बघायचा अरुंधतीला धीर झाला नाही. चिखलाच्या पायांनी ती सरळ आत गेली.

अक्का भिंतीला तोंड करून निजली होती. इतकीशी झालेली. अरुंधतीनं जवळ बसून खण उलगडला आणि मूर्ती तिच्या उशाशी, हाताला लागेल अशी ठेवली. अक्काची बोटं हलली. पळीवर गेली, नाकावर गेली. तोंड मात्र भिंतीकडंच.

"आई म्हणाली होती," अरुंधती म्हणाली, "थोरलीला द्यायची. मी ऐकलं होतं, अक्का. तेव्हाच ऐकलं होतं."

अक्काचा आवाज आला. वाळल्या पानासारखा. "आज नैवेद्य झाला का तिचा?"

"झाला. स्टेशनावर. काकडीचा."

"काकडीचा!" अक्का कष्टानं या कुशीला वळली. डोळे खोल गेले होते, पण त्यातली जरब तीच. "आईच्या अन्नपूर्णेला नुसती काकडी? गूळसुद्धा नाही?"

ओसरीवर झुंबरबाई मास्तरांना सारी हकीकत सांगत होती. 'कोट हुडकतोय, टोपी हुडकतोय' एवढं आत ऐकू येत होतं.

अक्कानं उशाजवळच्या तांब्याकडं पाहिलं. मग अरुंधतीकडं पाहिलं.

"बघत काय बसलीस," ती म्हणाली. "पाणी दे."

अरुंधतीनं तांब्यातलं पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं हनुवटीवरून उशीवर.

"अजून धड पाजता येत नाही," अक्का म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.