पायावर सूज: नाही

नाव

पायल. वय एक वर्ष दहा महिने. आई भागीबाई, पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची. इंदिरानगरात एका नव्या इमारतीवर विटा वाहते आणि तिथेच पत्र्याच्या खोलीत राहते. हे सगळं अंगणवाडीच्या ज्योत्स्नाताईंनी वळणदार अक्षरात लिहिलेलं. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती.

वजन

अंगणवाडीत वजनाच्या झोळ्या दोन. निळी, कॉलनीतल्या पोरांची. जुन्या चादरीची, साइटवरच्या पोरांची. असा नियम कुणी केला नव्हता. झाला होता.

निळ्या झोळीत ताई मूल स्वतः ठेवत, जाता जाता गालगुच्चा घेत. चादरीच्या वेळी दोन हात लांब उभ्या राहत. "तूच ठेव गं भागे. माझ्याकडे रडेल ती."

पायल कुणाकडेच रडत नसे. टुकूटुकू बघत बसे.

गेल्या महिन्यात तिचं वजन अर्धा किलोनं वाढलं. "बघ, खिचडी अंगाला लागली!" ताई म्हणाल्या. "गाल कसे फुगलेत लबाडाचे! पायातला तो काळा दोरा सैल कर, रुततोय."

भागीबाई लाजून हसली. तिने दोरा सैल केला.

आहार

मिळतो. एक पळी जास्तच. ताटलीला लागू नये म्हणून पळी जरा उंचावरून सोडलेली.

पायावर सूज

प्रशिक्षणात शिकवलं होतं: दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबायचा. मळलेल्या कणकेत राहतो तसा खड्डा राहिला, तर सूज.

त्यासाठी पायाला हात लावावा लागतो.

तीन महिने ताईंनी लिहिलं: नाही. नाही. नाही.

शेरा

आज सकाळी भागीबाई पोरीला घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. पायल दोन दिवस तोंडात काही घेत नव्हती, डोळे उघडत नव्हती. ताईंनी रजिस्टर काखेत मारलं आणि दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी पायलच्या पावलावर अंगठा दाबला. एक, दोन, तीन. उचलला. खड्डा तसाच.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "इथे तर तीन महिने 'नाही' आहे. म्हणजे एकदम आली?"

ताई त्या खड्ड्याकडे बघत होत्या.

"बाई, नीट सांगा. दोन दिवसांतली असेल तर मला आधी किडनीचा संशय घ्यावा लागेल, मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. जुनी असेल तर ही कुपोषणाची सूज. उपचार इथे, आत्ता सुरू करतो. हिच्यापाशी वेळ नाही."

भागीबाईने ताईंकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, "ताई दर महिन्याला बघतात, साहेब. पाय दाबून बघतात. लय माया करतात."

ताईंचा चेहरा कानापर्यंत तापला. वाचवत होती ती. ताईंना. त्यांनी नुसती मान डोलावली असती, तरी बारा वर्षांचं रजिस्टर बिनखाडाखोडीचं राहिलं असतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "नाही, डॉक्टर. मी कधी दाबून बघितलंच नाही. महिन्यापूर्वी दोरा रुतत होता. ती सूजच होती. मी... अंग भरलं म्हणाले."

"तपासलं का नाही?"

ताईंनी डॉक्टरांपुढचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं.

"आमच्या पोरांना कोण हात लावतं, साहेब," भागीबाईच म्हणाली. राग नव्हता त्यात. वीट या हातातून त्या हातात द्यावी तसं म्हणाली.

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलंही नाही. "सिस्टर, कुपोषण वॉर्ड. खास दूध सुरू करा. आधी वजन घ्या."

ताईंनी पेन काढलं. तिन्ही 'नाही' खोडले. रेघा वाकड्या आल्या. मग पुढे होऊन दोन्ही हात पसरले. "दे. मी ठेवते तिला काट्यावर."

भागीबाईने पायलला छातीशी धरलं आणि सवयीने बाजूला सरकली.

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "मीच ठेवते. तुम्ही लांबून आकडा वाचा."