खेळातले मजूर

यवतच्या एसटी स्टँडमागं विश्वजीतचा कॉम्प्युटर क्लास होता आणि भांडगावची गौतमी तिथं शिकवायला होती. २००७ च्या उन्हाळ्यात मुलं सुट्टीला गेली, क्लास ओस पडला, तेव्हा दोघांनी एक गेम मराठीत आणायचं मनावर घेतलं. गाव वसवायचं, विहीर खणायची, धान्य साठवायचं, असा तो गेम. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला. कुणीही फुकट घ्यावा, उघडून आतलं बदलावं. फाइलमध्ये वर इंग्रजी वाक्य असायचं, खाली त्याचं मराठी भरायचं. अर्धी फाइल विश्वजीतनं केली, अर्धी गौतमीनं.

दोन्ही भाग जोडून कंपाइल करायला, म्हणजे गेमला वाचता येईल असं रूप द्यायला घेतले तर एरर आली. एका वाक्यात मजुराचं नाव जिथं यायचं, तिथली टक्क्याची खूण विश्वजीतकडून गळली होती. ती घातल्यावर फाइल सुरळीत तयार झाली. गेम उघडला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली तशी विश्वजीतनं टेबलावर थाप मारली.

"बघा मॅडम, आपली भाषा!"

गौतमी हसली आणि खेळायला बसली. थोड्या वेळानं तिचा माऊसवरचा हात थांबला. गेममधला गावप्रमुख व्यापाऱ्याला म्हणत होता, "या, बसा." विहिरीवरच्या मजुराला म्हणत होता, "ए, पाणी आण. उभा काय राहिलास?" ही वाक्यं विश्वजीतची. गौतमीच्या वाक्यांत तोच प्रमुख त्याच मजुराला म्हणायचा, "जरा पाणी आणता का?"

"सर, एकाच माणसाला कधी तू, कधी तुम्ही होतंय."

"मग तुमचं बदला की. मजुराला तुम्ही कोण म्हणतं?"

"इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द आहे. व्यापाऱ्याला तोच, मजुराला तोच. हा 'तू' आपण घातलाय."

"अहो, पण गावात असंच बोलतात. खरं वाटायला नको का?"

गौतमी काही बोलणार, तेवढ्यात दारात तिचे वडील आले, म्हाळू. बाजार करून लेकीबरोबर घरी जायला आले होते. विश्वजीतच्या घरच्या शेतावर त्यांची उमर गेली होती. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन ते उसात फिरले होते.

"ए म्हाळू, बस की. मॅडमचं आवरतंयच," विश्वजीत मान न वळवता म्हणाला.

गौतमीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. एकाच दमात म्हटलेले 'ए म्हाळू' आणि 'मॅडम' हे दोन्ही शब्द विश्वजीतच्या स्वतःच्याच कानावर उशिरा आदळले असावेत. त्यानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि आपली वाक्यं एकेक करून बदलायला लागला. बापलेक बाकावर बसून राहिले. फाइल पुन्हा कंपाइल झाली. निघताना तो दारापर्यंत आला.

"बसमध्ये... जागा मिळंल ना तुम्हाला?" तो म्हाळूंना म्हणाला. मामा म्हणायचं होतं, ते ओठांवरच राहिलं.

बसमध्ये म्हाळूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि लेकीकडं वळले.

"धाकलं मालक माझ्यावर रागावल्यात का गं?"

"का ओ आप्पा?"

"तुम्ही म्हणालं मला. परक्यावानी."

गौतमीला हसू आलं. "रागावलं न्हाईत. मान दिला त्यांनी तुम्हाला."

भांडगाव जवळ आलं तसे म्हाळू म्हणाले, "मग म्या काय म्हणायचं त्यांला?"

"नावानं हाक मारा."

"छ्या! जीभ वळंल व्हय?"

गौतमीनं फाइल पाठवून दिली आणि गेमच्या पुढच्या आवृत्तीत ती आली. विश्वजीतच्या तोंडून अधूनमधून 'ए म्हा...' निघायचं, आणि तो तिथंच अडखळायचा. वर्षभरात ते अडखळणं कमी झालं. म्हाळूंनी मात्र त्याला शेवटपर्यंत मालकच म्हटलं. त्यांना कितीदा सांगावं आणि कुठं सोडून द्यावं, हे गौतमीला कधीच नीट ठरवता आलं नाही.